कर्ण्यासमोरचे गवई

ध्वनिमुद्रण भारतात येण्यापूर्वी गवयाचे नाव पसरे ते तोंडातोंडी. एका दरबारातला मानकरी दुसऱ्या दरबारात सांगे, एका बैठकीतला रसिक गावी परतला की चार जणांत वाखाणणी करी, आणि मग बोलावणे येई. गाणे कुणाला ऐकवायचे, किती वेळ ऐकवायचे, कोणती चीज राखून ठेवायची, हे सगळे गाणाऱ्याच्या हाती असे. गाणे संपले की ते ऐकणाऱ्यांच्या आठवणीत उरे, आणखी कुठे नाही. संगीत नाटकाच्या प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेले भाऊराव कोल्हटकर १९०१ साली वारले. त्यांच्या आवाजाची ख्याती पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते, आवाज मात्र कुठेच ऐकायला मिळत नाही.

पुढच्याच वर्षी, १९०२च्या ऑक्टोबरअखेरीस, लंडनच्या ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा मुद्रणतज्ज्ञ फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला उतरला. ८ नोव्हेंबरला त्याने क्लासिक थिएटरमधल्या शशिमुखी आणि फणीबाला या दोन नटींचे आवाज मुद्रित केले, आणि ११ नोव्हेंबरला गौहर जान यांचा. गौहर जान तेव्हा कलकत्त्यातल्या नामांकित गायिका होत्या. दर वेळी नवी वस्त्रे आणि नवे दागिने घालून त्या ध्वनिमुद्रणाला येत, अशी नोंद गैसबर्गने करून ठेवली आहे. भारतातले पहिले गाजलेले ध्वनिमुद्रण त्यांच्या नावावर जमा झाले.

त्या काळी ध्वनिमुद्रण म्हणजे एक प्रकारची कसरतच होती. विजेचा मायक्रोफोन नव्हता. खोलीत पत्र्याचा मोठा कर्णा बसवलेला असे आणि त्याच्या निमुळत्या टोकाशी मेणाची जाड तबकडी फिरत असे. गाणाऱ्याने कर्ण्याच्या तोंडात जवळजवळ डोके घालून मोठ्या आवाजात गायचे. तार सप्तकात गेले की मागे सरायचे, नाहीतर सुई उडे. खर्जात आले की पुन्हा पुढे वाकायचे. ज्याला हे जमत नसे त्याला कंपनीचा माणूस खांद्याला धरून पुढेमागे करी. सारंगी, तबला, हार्मोनियम यांना शेजारीच दाटीवाटीने बसवत. दहा इंची तबकडीवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावे. मेणावर उमटलेले गाणे तिथल्या तिथे वाजवून पाहिले तर मूळ मुद्रा बिघडे, त्यामुळे आपण कसे गायलो हे गाणाऱ्याला त्या दिवशी कळतच नसे. मेण जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जाई, तिथे तबकड्या दाबून तयार होत आणि काही महिन्यांनी परत येत. गाण्याच्या शेवटी गौहर जान इंग्रजीत स्वतःचे नाव मोठ्याने सांगत. हॅनोव्हरच्या कारागिरांना कोणत्या मेणावर कोणाचे नाव छापायचे ते कळावे, ही त्यामागची कामापुरती सोय होती. ऐकणाऱ्यांना मात्र ती मोठी ऐट वाटली, आणि नाव लोकांच्या डोक्यात पक्के बसले. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला तबकड्यांचा कारखाना निघाला, तेव्हा हा जर्मनीचा फेरा संपला. नाव उच्चारण्याची रीत त्यानंतरही बराच काळ चालू राहिली.

घराणेदार गवयांनी या यंत्राकडे पाठ फिरवली. यंत्र गळ्यातला आवाज ओढून घेते आणि मग गळा बसतो, अशी समजूत तेव्हा बरीच पसरली होती. तिच्यावर हसणे सोपे आहे, पण खरी भीती याहून शहाणी होती. चीज म्हणजे घराण्याची मिळकत. गंडा बांधून, वर्षानुवर्षे सेवा करून शिष्याला जी मिळे, तीही उस्तादाच्या मर्जीनुसार. ती तबकडीवर गेली की दोन-तीन रुपये टाकणारा कोणीही ती घरी नेऊन शंभर वेळा लावू शकत होता. दुसरी अडचण वेळेची. भैरव पहाटेचा आणि मारवा संध्याकाळचा. चावी देणारा माणूस मध्यरात्री भैरव लावणार नाही कशावरून? आणि तीन मिनिटांत राग मांडायचा तरी कसा? विलंबित ख्यालाची बढत तासाभराची. ती कापून द्रुत चीज आणि चार ताना एवढेच उरले, तर ऐकणाऱ्याला तेच गाणे वाटणार. प्रतिष्ठेचा प्रश्न होता तो वेगळाच. मैफलीत समोर कोण बसले आहे हे गवयाला दिसे. तबकडी पानाच्या दुकानातही वाजणार, आणि तिथे कोण माना डोलावतो आहे याची काही खात्री नव्हती.

अल्लादिया खाँ यांनी ध्वनिमुद्रण केले नाही. १९४६ साली, नव्वदी ओलांडल्यावर ते वारले, म्हणजे यंत्र येऊन चव्वेचाळीस वर्षे झाल्यानंतर. ज्या जयपूर घराण्याने महाराष्ट्राच्या गायकीवर सर्वांत खोल ठसा उमटवला, त्याच्या प्रवर्तकाचा आवाज आज शिष्यांच्या गळ्यावरूनच ताडावा लागतो. १९२२ साली वारलेल्या भास्करबुवा बखल्यांचाही आवाज उरलेला नाही. बालगंधर्वांसारखा शिष्य घडवणाऱ्या या गवयाचे गाणे प्रत्यक्षात कसे होते, हे आता फक्त लिहून ठेवलेल्या आठवणींतून कळते.

पुढे कोण आले ते पाहिले की या भीतीचा दुसरा पैलू दिसतो. पहिल्या दशकातल्या तबकड्यांवर तवायफा आणि कलावंतिणी मोठ्या संख्येने दिसतात: गौहर जान, आग्र्याच्या मलका जान, अलाहाबादच्या जानकीबाई, झोहराबाई आग्रेवाली. घराणेदार उस्तादाला गमवायला पुष्कळ होते. या बायकांना समाजाने मान असा दिलाच नव्हता, त्यामुळे तो जाण्याचे भय त्यांच्यापुढे कमी होते. शिवाय बैठकीची सवय असल्याने समोरच्याचा वेळ आणि मर्जी पाहून गाणे छाटणे त्यांना जमे, आणि तीन मिनिटांची ठुमरी किंवा दादरा त्यांना जड गेला नाही. गौहर जान यांची छायाचित्रे पोस्टकार्डांवर आणि काडेपेट्यांवर झळकली. मात्र नाव झाले म्हणून आयुष्याची सोय झाली असे नाही. कंपन्या सुरुवातीला एकरकमी बिदागी देत, विक्रीवरचा हिस्सा पुढची गोष्ट. गौहर जान शेवटी म्हैसूर दरबाराच्या आश्रयाला गेल्या आणि १९३० साली तिथेच वारल्या.

घराण्यांतली सगळीच मंडळी अडून बसली असेही नाही. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ १९०५ साली कर्ण्यासमोर बसले आणि पुढे तीसच्या दशकात, विजेवरचे ध्वनिमुद्रण आल्यावर, पुन्हा बसले. दोन्ही वेळच्या तबकड्यांत फार फरक आहे. पहिल्या खेपेचा आवाज दुरून, पत्र्यातून येतो. दुसऱ्या खेपेला स्वराचा तो प्रसिद्ध मऊपणा कानाशी येतो. उस्तादांची भीती खरी होती याचा पुरावाही इथेच मिळतो. गदगचा एक मुलगा अब्दुल करीम खाँ यांची तबकडी ऐकून असा वेडावला की गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. हे भीमसेन जोशी. सुळेभावीचा शिवपुत्र कोमकली लहान वयातच मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या जशाच्या तशा गाऊन दाखवी, आणि त्यातूनच तो कुमार गंधर्व झाला. गंडा न बांधता गाणे दुसऱ्याच्या गळ्यात उतरू लागले होते. विष्णु नारायण भातखंडे यांनी जयपूरच्या कोठीवाल घराण्यातल्या चिजा फोनोग्राफवर उतरवून घेतल्या, तेव्हाच या वाटेचा अंदाज आला होता. गाणे त्यामुळे वाचले आणि घराण्यांची मक्तेदारी ढिली झाली, या दोन्ही गोष्टी एकदमच घडल्या.

महाराष्ट्रात तबकडीचा धाक मोडला तो नाट्यसंगीताने. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ यांची पदे रंगभूमीवर आधीच लोकांच्या ओठी होती, आणि पद मुळात आटोपशीर. एका बाजूस एक पद बसे. ज्या गावात नाटक कंपनीचा तंबू कधी पडला नाही, तिथल्या वाड्यातही कर्ण्यातून पद ऐकू येऊ लागले. कुत्र्याच्या छापाची एच.एम.व्ही.ची तबकडी घरात असणे ही शोभेची बाब झाली.

स्त्रियांच्या बाबतीत गाठ अधिक घट्ट होती, आणि ती सोडवण्यात हिराबाई बडोदेकरांचा वाटा सर्वांत मोठा. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांची ही मुलगी, जन्म १९०५. बाईने चारचौघांत गायचे म्हणजे उभे राहून, हावभाव करत, रसिकांच्या मर्जीनुसार, अशी तोवरची रीत. हिराबाई पुरुष गवयासारख्या बैठक मारून, पदर सावरून, डोळे गाण्यात ठेवून गायल्या. तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्यांचे नाव घेतले जाते. तिकिटामुळे फरक असा पडला की गाणाऱ्या बाईवर कुणा एका यजमानाचा अधिकार उरला नाही. ज्याने पैसे भरले तो खुर्चीपुरता आला आणि ऐकून गेला. मैफलीला जाण्याची सोय नसलेल्या घरांतल्या बायकांपर्यंत हिराबाई पोचल्या त्या तबकड्यांतून. गाणारी बाई घरंदाजही असू शकते, ही कल्पना त्या काळी नवी होती आणि ती वादाने पटणारी नव्हती. एकट्या कलकत्त्यातच पाहायचे तर ब्राह्मो घरातल्या अमला दास यांच्या तबकड्यांवर नावापुढे ‘अमॅच्युअर’ असे छापावे लागले होते, म्हणजे ही बाई पोटासाठी गात नाही हे गिऱ्हाइकाला दुकानातच कळावे.

गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांची तऱ्हा वेगळी. १९२१पासून अल्लादिया खाँ यांच्याकडे त्यांनी कठोर तालीम घेतली आणि गुरूचा कडवा स्वभावही उचलला. त्यांनी मोजक्या तबकड्या दिल्या. पण यंत्रावर त्यांचा विश्वास कधी बसला नाही. आपले गाणे कुणीही कधीही वाजवावे हे त्यांना मान्य नव्हते, आणि पुढे त्या ध्वनिमुद्रणापासून लांबच राहिल्या. १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीच्या आवाजांची सोनेरी तबकडी चढवायची ठरली, तेव्हा संगीताभ्यासक रॉबर्ट ब्राऊन यांच्या शिफारशीवरून केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही साडेतीन मिनिटांची भैरवी निवडली गेली. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला त्या वारल्या. त्यांच्याइतकी तबकडीबद्दल नाखूश गायिका शोधून सापडली नसती.

मायक्रोफोनने आणखी एका वर्गाला धीर दिला. कर्ण्यापुढे दणकट गळा लागे. १९२५नंतर विजेचे ध्वनिमुद्रण आले आणि हळू, घरगुती आवाजालाही जागा मिळाली. मराठी भावगीत याच सोयीवर उभे राहिले. वकिलीचे शिक्षण घेतलेले जी. एन. जोशी यांनी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता तबकडीवर गायली आणि ती घरोघरी गेली. पांढरपेशा घरातल्या सुशिक्षित माणसाने गाण्याची तबकडी काढावी, ही गोष्ट त्यानंतर वावगी वाटेनाशी झाली. हेच जोशी पुढे एच.एम.व्ही.त अधिकारी झाले आणि नाखूश उस्तादांना माइकसमोर आणण्याचे काम त्यांच्याकडे आले. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन कंपनीने ‘यंग इंडिया’ छापाच्या तबकड्या काढून नवख्या आणि हौशी गाणाऱ्यांनाही दार उघडले. त्यातल्या कित्येकांची एक-दोन तबकड्यांपलीकडे नोंद नाही. गाजावाजा न झालेल्या त्या आवाजांनीच खरे तर हा सगळा व्यवहार रोजचा केला.

चित्रपटांत मात्र गणित उलटे झाले. इथे गाणारा भ्यालेला नव्हता, त्याचे नावच झाकले जात होते. पडद्यावर नटी ओठ हलवी आणि तबकडीवर बहुतेक वेळा पात्राचे नाव छापले जाई. १९४९ सालच्या ‘महल’मधले ‘आयेगा आनेवाला’ बाजारात आले ते कामिनी या पात्राच्या नावाने. रेडिओवर ते वाजू लागले तशी गाणारी कोण, अशी विचारणा ऐकणाऱ्यांकडून होऊ लागली आणि लता मंगेशकर हे नाव सांगावे लागले. पुढे तबकडीवर गायकाचे नाव छापणे हा नियम झाला. फिल्मफेअर पुरस्कारांत पार्श्वगायनाला जागा नव्हती. ‘चोरी चोरी’च्या संगीताला पुरस्कार मिळाल्यावर त्या सोहळ्यात गायला लताबाईंनी नकार दिला, तो याच कारणासाठी. १९५९ साली हा पुरस्कार सुरू झाला आणि ‘मधुमती’साठी तो पहिल्यांदा त्यांनाच मिळाला.

मराठी चित्रपटांना संगीत देताना याच लताबाईंनी वेगळी वाट धरली. ‘राम राम पाव्हणं’ला त्यांनी स्वतःच्या नावाने संगीत दिले होते. ‘मोहित्यांची मंजुळा’पासून ‘तांबडी माती’पर्यंतच्या चित्रपटांत मात्र संगीतकार म्हणून ‘आनंदघन’ हे नाव आले. १९६५ सालच्या ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा आनंदघन कोण हे लोकांना कळले.