सावकारी पाश : न पाहिलेल्या सिनेमाची गोष्ट

माझ्या आवडत्या सिनेमांच्या यादीत एक सिनेमा असा आहे, जो मी पाहिलेलाच नाही. तुम्हीही पाहिलेला नाही. बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश', साल १९२५. मूकपट. त्याची प्रिंट टिकलेली नाही.

बाबूराव मूळचे कोल्हापूरचे मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाच्या नादी लागले. कॅमेरा परवडेना, तर स्वतःच बनवला! आपण ज्याला 'फ्रॉम स्क्रॅच' म्हणतो ना, ते हे. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री' १९२०मध्ये पुण्यात, मंडईजवळच्या आर्यन थिएटरात लागला. लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हटलं ते त्याच काळात.

म्हणजे पौराणिक सिनेमाचा फॉर्म्युला हातात होता, तो चालतही होता. अशा वेळी या माणसाने काय करावं? ना. ह. आपट्यांची गोष्ट घेतली आणि कर्जबाजारी शेतकऱ्यावर सिनेमा काढला. सावकाराच्या कचाट्यात जमीन जाते, तरुण शेतकरी शहरात येतो आणि गिरणी कामगार होतो, अशी कथा. तो तरुण साकारला होता व्ही. शांताराम यांनी. पुढे १९२९मध्ये 'प्रभात' काढणाऱ्यांपैकी एक, तेच.

हा विषय काही आकाशातून पडला नव्हता. १२ मे १८७५ रोजी आपल्या पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला आणि लोण पुणे-नगर भागात पसरलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. १८६५मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, सारा मात्र वाढला. शेतकऱ्यांचा राग मुख्यतः कागदांवर होता : कर्जरोखे, चोपड्या मिळवायच्या आणि जाळायच्या. ज्याला वाचता येत नाही त्याने अंगठा उठवलेले कागद! (आपणही न वाचता 'आय ॲग्री' दाबतो, पण आपली जमीन जात नाही, एवढाच फरक :) ) सरकारने १८७९मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला, तरी सावकारी संपली नाही. १९२५च्या प्रेक्षकाला ही गोष्ट घरचीच होती.

तरी सिनेमा चालला नाही. देव आणि चमत्कार पाहायला येणाऱ्या लोकांना स्वतःचीच दुःखं तिकीट काढून बघायची नव्हती. पण बाबूराव विषयाला चिकटून राहिले, आणि १९३६मध्ये त्यांनी हाच सिनेमा पुन्हा काढला. यावेळी बोलपट.

इथे एक गंमत आहे. या सिनेमावर लिहिताना एक दृश्य हमखास सांगितलं जातं : अंधारलेली भकास झोपडी आणि कुत्र्याचं रडणं. अनेकदा ते मूकपटाच्या नावावर खपतं. आता मूकपटात कुत्रं कसं रडेल? ही आठवण जे. बी. एच. वाडिया यांची आहे, आणि त्यांनी तिथेच सांगितलंय की मूकपट आपल्याला पुसटसा आठवतो, बाबूराव किती मोठे कलावंत ते बोलपट पाहून कळलं. मूळ फिल्म नसली की असं होतं. कॉपी-पेस्ट होत होत उरलेल्या आठवणीही सरमिसळ होतात.

त्या काळची फिल्म नायट्रेटची. भडकन पेट घेणारी. ८ जानेवारी २००३ला इथे पुण्यात, एफटीआयआयच्या आवारात, नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि बरंच काही गेलं. पण आगीपेक्षा मोठा शत्रू आपली बेफिकिरी. खेळ संपला की रिळाची किंमत उरायची ती त्यातल्या चांदीपुरती. आपल्याकडे हजाराहून जास्त मूकपट निघाले, आज हातात आहेत ते अगदी मोजके. तेही बरेचसे पी. के. नायर यांच्यामुळे. लॉ कॉलेज रोडवरचं फिल्म अर्काइव्ह १९६४मध्ये सुरू झालं, आणि या माणसाने अक्षरशः रद्दीतून रिळं गोळा केली.

बॅकअप नसेल तर डेटा तुमचा नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. तेव्हा मंडळी, गावाकडच्या माळ्यावर आजोबांच्या ट्रंकेत एखादी जुनी सिनेमाची जाहिरात, फोटो किंवा गंजलेला फिल्मचा डबा दिसला, तर रद्दीवाल्याला देऊ नका. आधी अर्काइव्हला फोन करा. काय सांगावं...