मिडी फूट कंट्रोलर

मिडी फूट कंट्रोलर (मिडी पाद-नियंत्रक) हे पायाने चालवण्याचे इलेक्ट्रॉनिक उपकरण असून त्याद्वारे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर, सिंथेसायझर, गिटारचे इफेक्ट इत्यादींना सूचना पाठवल्या जातात. या उपकरणातून स्वतःचा असा कोणताही ध्वनी निघत नाही. बटण दाबल्यावर केवळ अंकीय संदेश बाहेर पडतो व त्याचा अर्थ कसा लावायचा हे तो स्वीकारणारे उपकरण किंवा सॉफ्टवेअर ठरवते. दोन्ही हात वाद्यात गुंतलेल्या वादकाला वादन न थांबवता मुद्रण सुरू वा बंद करता यावे आणि ध्वनीचा पोत बदलता यावा, हा त्याचा मुख्य उपयोग होय. एकट्याने ध्वनिमुद्रण करणाऱ्या कलावंतांना ते विशेष उपयोगी पडते.

पार्श्वभूमी

वादनात पायाचा उपयोग करण्याची पद्धत जुनी आहे. पाइप ऑर्गनला पायाने वाजवण्याच्या पट्ट्या असतात, पियानोला पेडल असतात, तर मराठी संगीत नाटकांत साथीला असणाऱ्या ऑर्गनचा भाता पायाने चालवला जातो. या वाद्यांत पायाची क्रिया ध्वनीवर थेट परिणाम करते. मिडी फूट कंट्रोलरमध्ये मात्र तिचे रूपांतर आकड्यांत होते.

हे शक्य झाले ते मिडी या मानकामुळे. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील नॅम प्रदर्शनात सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीचा प्रॉफेट-६०० आणि रोलंड कंपनीचा ज्युपिटर-६ हे दोन सिंथेसायझर एकमेकांना जोडून दाखवण्यात आले. मिडी १.० हे मानक त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. या कार्यासाठी डेव्ह स्मिथ व इकुतारो काकेहाशी यांना २०१३ मध्ये टेक्निकल ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

रचना

फूट कंट्रोलरवर सामान्यतः दोन प्रकारची साधने असतात.

• फूटस्विच : हे दाबण्याचे बटण होय. क्षणिक प्रकारात दाबताना एक मूल्य (बहुधा १२७) व पाय उचलताना दुसरे (०) जाते. टिकाऊ प्रकारात पहिल्यांदा दाबल्यावर १२७ व पुन्हा दाबल्यावर ० जाते.
• एक्स्प्रेशन पेडल : पायाने पुढे-मागे कलणारी ही पट्टी ० ते १२७ यांमधील मूल्ये सलग पाठवते. आवाजाची पातळी, वाह-वाह यांसारख्या हळूहळू बदलणाऱ्या गोष्टींसाठी ती वापरतात.

बेहरिंगर एफसीबी१०१० या उपकरणावर दहा बटणे, संच बदलण्यासाठी आणखी दोन बटणे आणि दोन एक्स्प्रेशन पेडल असतात.

संदेशांचे प्रकार

प्रत्येक संदेश १६ पैकी एका चॅनलवर जातो. फूट कंट्रोलरमध्ये पुढील तीन प्रकार प्रामुख्याने वापरले जातात.

• कंट्रोल चेंज : यात क्रमांक व मूल्य असे दोन आकडे असतात. काही क्रमांकांचे अर्थ ठरलेले आहेत, उदा. ४ – फूट कंट्रोलर, ७ – आवाज, ११ – एक्स्प्रेशन, ६४ – सस्टेन. चालू-बंद स्वरूपाच्या क्रमांकांत ० ते ६३ म्हणजे बंद व ६४ ते १२७ म्हणजे चालू असे मानतात.
• प्रोग्राम चेंज : आधी साठवलेला ध्वनी किंवा इफेक्ट निवडण्यासाठी.
• नोट : स्वर किंवा ध्वनीचा तुकडा वाजवण्यासाठी.

संगणकाशी जोडणी

मूळ मिडी जोडणी पाच पिनांच्या डिन केबलने होते व तिचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट असतो. तीन बाइटच्या संदेशास सुमारे एक मिलिसेकंद लागतो. त्यामुळे पाय पडणे व परिणाम होणे यांतील विलंब केबलमुळे जाणवत नाही. कंट्रोलरचे ‘आउट’ हे संगणकाला जोडलेल्या मिडी इंटरफेसच्या ‘इन’मध्ये जोडावे लागते. यूएसबी असलेली उपकरणे थेट संगणकाला जोडता येतात. त्यांपैकी जी यूएसबीच्या सर्वसामान्य मिडी मानकानुसार बनवलेली असतात, त्यांना वेगळ्या ड्रायव्हरची गरज नसते.

सॉफ्टवेअरमधील मांडणी

तपशील निरनिराळे असले तरी सर्व सॉफ्टवेअरमधील क्रम साधारण सारखा असतो : प्रथम उपकरणाला परवानगी देणे, नंतर सॉफ्टवेअरमधील क्रिया निवडणे आणि शेवटी बटण दाबून त्याचा संदेश त्या क्रियेशी बांधणे. या शेवटच्या पायरीस ‘मिडी लर्न’ असे म्हणतात.

रीपर या सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसमधील मिडी विभागात उपकरणाचे इनपुट सुरू करून ते नियंत्रण-संदेशांसाठीही खुले करावे लागते. त्यानंतर क्रियांच्या यादीतून, उदाहरणार्थ, मुद्रणाची क्रिया निवडून ‘ॲड’ दाबले व पायाचे बटण एकदा दाबले, की दोन्ही जोडले जातात. एबलटन लाइव्हमध्ये उपकरणापुढील ‘रिमोट’ चालू करून मिडी मॅप स्थितीत जातात, पडद्यावरील हवे ते बटण निवडतात व पायाचे बटण दाबतात.

नेहमीच्या अडचणी

• दोनदा दाबावे लागणे : बटण टिकाऊ प्रकारावर असून सॉफ्टवेअर ० मूल्याकडे दुर्लक्ष करत असेल, तर दर दुसऱ्या वेळीच क्रिया घडते. अशा वेळी बटण क्षणिक प्रकारावर ठेवावे लागते.
• पाय उचलताच क्रिया उलटणे : सॉफ्टवेअर ० मूल्यालाही नवी सूचना मानत असल्यास सुरू झालेले मुद्रण लगेच थांबते. येथे टिकाऊ प्रकार उपयोगी पडतो.
• एकाने चुकणारा क्रमांक : काही कंपन्या प्रोग्राम ० ते १२७ असे, तर काही १ ते १२८ असे मोजतात.
• पेडलची अपुरी किंवा उलटी चाल : सर्व कंपन्यांच्या पेडलची अंतर्गत तारजोडणी सारखी नसते. ध्रुवता बदलून व कॅलिब्रेशन करून हा दोष बहुधा दूर होतो.
• मूल्याची उडी : पेडलची स्थिती व पडद्यावरील मूल्य यांत फरक असल्यास पाय हलताच आवाज एकदम बदलतो. ‘पिक-अप’ पद्धत निवडल्यास पेडल त्या मूल्यापाशी पोहोचेपर्यंत सॉफ्टवेअर थांबते.

वादक पडद्याकडे पाहत नसल्यामुळे चुकीचे बटण दाबले गेले, तर संपूर्ण वादन वाया जाऊ शकते. म्हणून मुद्रण आणि ‘मागील क्रिया रद्द’ ही बटणे शेजारी-शेजारी ठेवणे टाळतात व प्रत्यक्ष वादनापूर्वी सर्व बटणांची चाचणी घेतात.

उपयोग

चुकलेला भागच नव्याने मुद्रित करणे, लूपवर थर चढवणे आणि रंगमंचावर गीतानुसार ध्वनी बदलणे हे याचे प्रचलित उपयोग आहेत. हातांच्या हालचालींवर मर्यादा असलेल्या कलावंतांनाही या उपकरणाद्वारे सॉफ्टवेअरमधील अनेक क्रिया स्वतः हाताळता येतात.

हे सुद्धा पहा

• मिडी
• सिंथेसायझर
• ऑर्गन
• ध्वनिमुद्रण