पी. पी. नंबर: जुना टेलिफोन आणि ज्येष्ठांच्या आठवणी

आज सुरुवात माझ्याच एका फसगतीपासून करतो. आमच्या भागातल्या विरंगुळा केंद्रात मला ‘आठवणींचा तास’ घ्यायला बोलावलं होतं. विषय ठरला जुना टेलिफोन. एकाने माळ्यावरून काळा, जड, डायलचा फोन काढून आणला. टेबलावर ठेवला. मी विचारलं, “तुमच्या घरातला पहिला फोन आठवतो का?” समोर वीस-बावीस मंडळी, सगळी पंचाहत्तरीच्या पुढची. कुणी बोलेना.

मला वाटलं, विस्मरण. तसं काही नव्हतं. माझा प्रश्नच चुकला होता. शेवटी एक आजोबा म्हणाले, “सर, आमच्या घरात फोन नव्हताच. आमचा पी. पी. होता.” आणि मग जो काही गलका झाला, विचारू नका!

तरुण श्रोत्यांसाठी सांगतो. पी. पी. म्हणजे शेजाऱ्याचा नंबर. अर्जावर, लग्नपत्रिकेवर नंबर लिहायचा आणि पुढे कंसात ‘पी. पी.’. म्हणजे फोन मालकांकडे येणार, आणि ते कुणाला तरी खाली पाठवून आपल्याला बोलावणार.

हे असं का होतं? मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे टेलिफोन एक्स्चेंज १८८२ सालीच सुरू झाली होती. पण स्वातंत्र्य मिळालं तेव्हा सगळ्या देशात जोडण्या होत्या सुमारे ८०,००० आणि लोकसंख्या तीस कोटींच्या पुढे. नंतरही अर्ज करून वर्षानुवर्षं थांबावं लागे. जास्त अनामत भरली तर ‘ओ. वाय. टी.’ योजनेत नंबर लवकर लागे. पण ती रक्कम पगारदाराच्या आवाक्यातली नसायची. डॉक्टर, व्यापारी, बडा अधिकारी यांच्याकडे फोन; बाकी आपण सगळे पी. पी.

आता हे ‘आठवणींचे उपक्रम’ आले कुठून तेही पाहू. म्हातारी माणसं जुन्या गोष्टी उगाळतात हे पूर्वी बुद्धी ढळल्याचं लक्षण समजत. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६३ साली एक निबंध लिहून उलट मांडणी केली. उतारवयात माणूस आपल्या आयुष्याचा आढावा घेतो आणि ते स्वाभाविक आहे, असं त्यांचं म्हणणं. पुढे वृद्धाश्रमांतून जुन्या वस्तू हातात देऊन बोलतं करण्याची पद्धत रूढ झाली. पद्धत चांगली आहे. पण ती जिथे वाढली तिथल्या मध्यमवर्गीय घरांत फोन फार आधीपासून होता. आपण वस्तू घेतली, सोबत त्यांचा प्रश्नही घेतला. मीही तेच केलं होतं, कबूल करतो.

माझा विषय तत्त्वज्ञान, म्हणून थोडं त्याबद्दल. न्यायसूत्रांत स्मरण कशाकशाने जागं होतं याची मोठी यादी आहे, वीसहून अधिक निमित्तं. साम्य, सहवास, सवय ही आहेतच. पण वियोग, दुःख आणि भय हीसुद्धा त्या यादीत आहेत. आमच्या तासांच्या कागदावर मात्र लिहिलेलं असतं: ‘आनंददायी आठवणी’. आणखी एक. नैयायिक स्मृतीला प्रमा, म्हणजे यथार्थ अनुभव मानत नाहीत. म्हणून अशा तासाला एखाद्या आजींनी साल चुकवलं तर सुधारू नये. आपण परीक्षा घेत नाही आहोत. “आजी, हे काय आहे सांगा बरं?” असं तर मुळीच विचारू नये.

त्या दिवशी मंडळींनी काय काय सांगितलं! फोनवर घातलेलं भरतकामाचं कव्हर. डायलला लावलेलं छोटं कुलूप, आणि कुलूप असतानाही हुकावर टकटक करून नंबर लावणारी पोरं. (ते खरंच लागत असे. डायल फिरवणं म्हणजे शेवटी ठरावीक वेळा सर्किट तोडणं. शून्याला दहा वेळा, म्हणून डायल परत यायला शून्यालाच सगळ्यात जास्त वेळ.) १८० ला ट्रंक कॉल नोंदवायचा आणि दिवसभर घराबाहेर पडायचं नाही. साधा, अर्जंट, लाइटनिंग, असे चढते दर. कानपूर आणि लखनौ यांच्यात एस. टी. डी. १९६० सालीच सुरू झाली, पण आपल्या गावापर्यंत ती पोचायला पुष्कळ वर्षं गेली. एक बाई ऑपरेटर होत्या. त्यांनी हेडफोनने दुखणारे कान आठवले आणि तीन मिनिटं झाल्याचं सांगताना पलीकडे कुणी रडत असेल तर काय करायच्या तेही सांगितलं. थोडं थांबायच्या. नियमात बसत नव्हतं.

आणि मग मी दुसरी चूक केली. वातावरण रंगलंय म्हणून मोबाइलवर जुन्या घंटीचा आवाज लावला. मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या आणि बाहेर जाऊन बसल्या. मी मागे गेलो. “राहू दे सर,” एवढंच म्हणाल्या. मी काही विचारलं नाही, शेजारी बसून राहिलो. तास दुसऱ्या कुणी तरी पुरा केला.

पुढच्या आठवड्यात त्या आपणहून आल्या. म्हणाल्या, फोन वरच्या मजल्यावर मालकांकडे होता. रात्री घंटी वाजली की अख्खा वाडा जागा व्हायचा, कोणासाठी असेल म्हणून. त्या रात्री नागपूरहून ट्रंक कॉल होता, त्यांच्या भावाबद्दल. मालकीणबाईंनी तो घेतला. एरवी त्या वरूनच हाक मारायच्या, “अगं, तुझा फोन!” त्या रात्री हाक आली नाही. “घंटी थांबली, आणि मग जिन्यावर चपला वाजल्या. सावकाश. बाई एकेक पायरी उतरत होत्या. मला दार उघडायच्या आधीच कळलं होतं, सर. भाऊ गेल्याचं आमच्या आधी त्यांना ठाऊक झालं, याचाच मला कित्येक वर्षं राग होता.”

थोड्या वेळाने म्हणाल्या, “आता वाटतं, त्या जिन्यात त्यांचं काय झालं असेल.”