दिल्लीतल्या खाटेवरून लढलेली लढाई

22 सप्टेंबर 1962, दिल्ली
नेफात (आजच्या अरुणाचल प्रदेशात) थागला धारेखालच्या भारतीय ढोला चौकीसमोर चिनी सैनिक येऊन दोन आठवडे झाले आहेत. त्यांना हुसकावून लावा, असा सरकारचा हुकूम आहे. लष्करप्रमुख जनरल थापर यांना धोका दिसतो, ते तो बोलूनही दाखवतात. पण अखेर मागतात काय, तर हुकूम लेखी द्या. संरक्षण खात्यातल्या एका सहसचिवाच्या सहीचा कागद मिळतो आणि विषय मिटतो. पुढच्या अनर्थाचे मूळ मला इथेच दिसते. असा कागद सेनापतीची पाठ राखतो, जवानांची नाही.

4 ऑक्टोबर
तेहतिसाव्या कोअरचे लेफ्टनंट जनरल उमरावसिंग यांनी कारवाईला तोफा, दारूगोळा, रसद किती लागेल याचा हिशेब लेखी मांडला आहे. ते जमेपर्यंत पुढे सरकता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. यावर त्यांच्याकडून नेफाच काढून घेतला जातो. नवी चौथी कोअर उभी राहते. तिचे प्रमुख लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल, पंतप्रधान नेहरू आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्या मर्जीतले. ‘नाही’ म्हणणाऱ्याचे काय होते, हे खालच्या सगळ्यांनी पाहून घेतले.

10 ऑक्टोबर, सकाळ
ढोलाजवळच्या नामका चू नदीपलीकडे त्सेंग-जोंगला पंजाब पलटणीच्या छोट्या तुकडीवर चिनी मोठ्या संख्येने तुटून पडतात. कौल ते स्वतः पाहतात आणि दिल्लीला निघतात. दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांकडच्या बैठकीत हल्ल्याचा बेत बारगळतो, पण नदीकाठ सोडायचा नाही असेही ठरते. म्हणजे लढायचेही नाही आणि मागेही यायचे नाही.

18 ऑक्टोबर
आजारी पडलेल्या कौलना दिल्लीला हलवतात. कोअरची सूत्रे ते कोणाकडे सोपवत नाहीत. घरी खाटेवर पडून, नकाशा पाहून हुकूम सोडत राहतात.

19 ऑक्टोबर, दिवसभर
नामका चूच्या काठाने सातव्या ब्रिगेडच्या पलटणी विखुरल्या आहेत. कित्येकांच्या अंगावर सुती गणवेश, बटव्यात पन्नासेक काडतुसे. त्सांगधरला विमानातून टाकलेले बरेचसे सामान दऱ्यांत गडगडत गेलेले. तोफा दोनच कामाच्या. मोर्चे लाकडी पुलांभोवती बांधलेत, कारण सप्टेंबरात नदी दुथडी होती. आता पाणी ओसरले आहे आणि कुठूनही पायी उतरून येता येते. पुलांवरचा पहारा म्हणजे भिंत पडलेल्या घराच्या दाराला कुलूप.

समोरच्या उतारावर चिनी सैनिक उघडपणे जमताना दिसतात, लपायची तसदीही न घेता. ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी रोंगलाहून झिमिथांगला डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल निरंजन प्रसाद यांना फोन लावतात: त्सांगले ठाण्याकडे आणखी माणसे पाठवू नका, आम्हाला मागच्या धारेवर येऊ द्या. आपल्या माणसांची कत्तल पाहत बसण्यापेक्षा राजीनामा देईन, इथवर ते येतात. प्रसादांनाही ते पटते. पण वरचा हुकूम बदलत नाही, आणि तो मोडायला कोणी तयार नाही.

दळवींचा राजीनाम्याचा शब्द आला तेव्हा उशीर झाला होता. पण तो निदान त्यांच्या तोंडून आला. त्यांच्या वरच्यांपैकी किती जणांनी पदापेक्षा पलटणींना मोठे मानले?

19 ऑक्टोबर, रात्र
पलीकडे थंडीसाठी शेकोट्या पेटल्या आहेत. अलीकडून गोळी येणार नाही, एवढी चिन्यांची खात्री. अंधारात त्यांच्या तुकड्या भारतीय मोर्च्यांमधल्या मोकळ्या जागांतून नदी ओलांडतात.

20 ऑक्टोबर, पहाटे 5 च्या सुमारास
तोफा आणि उखळी तोफा धडाडू लागतात. टेलिफोनच्या तारा तुटतात. ब्रिगेडचा पलटणींशी संबंध संपतो.

उजाडल्यावर
चिनी सैनिक बगलेवर आणि पाठीमागे आहेत. दुसरी राजपूत आणि नववी गुरखा रायफल्सची पहिली पलटण काडतुसे संपेपर्यंत झुंजतात. काही तासांत ब्रिगेड मोडते. राजपुतांच्या पलटणीतल्या 513 जणांपैकी 282 ठार होतात.

दळवी त्सांगधरच्या दिशेने निघतात, तिथेही चिनी पोहोचलेले असतात. 22 तारखेला ते कैद होतात. आठवडा सरायच्या आत तवांगही जाते.

नोव्हेंबरात थापर पायउतार झाले, मेननही गेले आणि संरक्षण खाते मुंबईहून बोलावलेल्या यशवंतराव चव्हाणांकडे आले. पुढे कौलनीही लष्कर सोडले. उमरावसिंगांचा हिशेब बरोबर होता, हे सिद्ध व्हायला एक ब्रिगेड लागली.

या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. तो अहवाल सरकारने अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही. साठ वर्षे उलटून गेल्यावर त्यात शत्रूपासून लपवावे असे काही उरले असेल, हे पटत नाही. तो छापावा आणि सेनापती घडवणाऱ्या आपल्या संस्थांत शिकवावा.