प्रार्थनासमाज : विचार आणि आचार

ईश्वर एक आहे, हें वाक्य महाराष्ट्राला नवें नव्हतें. संतांच्या अभंगांतून तें घरोघरीं पोंचलें होतें. ईश्वर एक, तर त्याचीं लेंकरें एका पंक्तीला कां बसत नाहींत, हा प्रश्नही संतांनीं विचारला होता. परंतु चंद्रभागेच्या वाळवंटांत एकमेकांच्या पायां पडणारे वारकरी गांवीं परतले, कीं ज्याची त्याची पंक्ति निराळी होई. एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या नवशिक्षित पिढीपुढें हाच प्रश्न पुन्हां उभा राहिला आणि त्याच्या उत्तराच्या शोधांतून प्रार्थनासमाजाचा जन्म झाला.

पहिला प्रयत्न गुप्त होता. १८४९ सालीं व्याकरणकार दादोबा पांडुरंग व त्यांचे सहकारी यांनीं मुंबईंत परमहंस सभा स्थापिली. एकेश्वरावर श्रद्धा आणि जातिभेदाचा त्याग, हीं तिचीं मुख्य तत्त्वें. सभासद होणारास ख्रिस्ती माणसानें भाजलेला पाव खावा लागे. त्या काळीं ही गोष्ट केवढ्या धाडसाची होती ! पण हें धाडस दाराला कडी लावून चाललेलें होतें. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नांवांची वही चोरीस गेली, बहिष्काराच्या भीतीनें मंडळी पांगली आणि सभा संपली. अंधारांत मोडलेला जातिभेद उजेडांत टिकला नाहीं.

१८६४ सालीं बंगालचे ब्राह्मनेते केशवचंद्र सेन मुंबईस आले आणि विझत आलेल्या निखाऱ्यांवर फुंकर पडली. ३१ मार्च १८६७ रोजीं दादोबांचे धाकटे बंधु डॉक्टर आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकारानें प्रार्थनासमाज स्थापन झाला. पुढें न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे आणि डॉक्टर रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांत आले. १८७३ सालीं ‘सुबोधपत्रिका’ निघूं लागली आणि १८७४ सालीं गिरगांवांत समाजाचें मंदिर उभें राहिलें. त्यांत मूर्ति नव्हती. सामुदायिक उपासना, प्रवचन आणि भजन हाच तेथील विधि होता.

बंगालच्या ब्राह्मांपासून प्रेरणा घेऊनही समाजानें त्यांचें नांव घेतलें नाहीं, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. बंगालमध्यें केशवचंद्रांचे अनुयायी जुन्या समाजापासून वेगळे होत चालले होते. त्यांच्या प्रयत्नानें झालेल्या १८७२ च्या विवाहकायद्याखालीं लग्न करणारांस आपण हिंदु धर्म मानीत नाहीं, असें जाहीर करावें लागे. मुंबईकरांस ही फारकत नको होती. रानडे आणि भांडारकर यांनीं आपल्या श्रद्धेची मुळें भागवत धर्मांत शोधिलीं व तुकोबांचे अभंग उपासनेंत आणले. सभासदानें घरचे कुलाचार सोडलेच पाहिजेत, असा निर्बंध समाजानें घातला नाहीं.

या सौम्यपणाचीं फळें मोठीं होतीं. १८७५ सालीं पंढरपुरास लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानें निघालेला अनाथ बालकाश्रम पुढें समाजानें सांभाळला. १८७६ सालीं मुंबईंत मजुरांसाठीं रात्रीची शाळा निघाली. स्त्रीशिक्षण, विधवाविवाह आणि प्रौढविवाह यांचा पुरस्कार समाजाच्या व्यासपीठावरून अखंड चालला.

पण त्याची किंमतही द्यावी लागली. पहिली पत्नी निवर्तल्यावर १८७३ सालीं रानड्यांनीं वडिलांच्या आग्रहापुढें मान तुकवून अवघ्या अकरा वर्षांच्या मुलीशीं विवाह केला. विधवाविवाहाच्या पुरस्कर्त्याकडून विधवेशीं विवाहाची अपेक्षा करणारांस तो मोठा आघात वाटला. त्याच मुलीला त्यांनीं शिकविलें आणि रमाबाई रानडे या नांवानें ती स्त्रियांच्या सेवेस वाहून घेती झाली, हें खरें. तरी विचार व आचार यांतील तें अंतर लोक विसरले नाहींत. उलट भांडारकरांनीं १८९१ सालीं आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह करून दिला आणि सनातन्यांचा रोष शांतपणें सोसला. एकाच समाजांतील, एकाच योग्यतेचे हे दोन पुरुष. कसोटीच्या क्षणीं मात्र दोघांच्या वाटा भिन्न झाल्या.

तिसरी वाट विठ्ठल रामजी शिंदे यांनीं दाखविली. ऑक्सफर्डला धर्मांचा तौलनिक अभ्यास करून १९०३ सालीं परतल्यावर ते समाजाचे प्रचारक झाले. उपासना मंदिरांतच थांबतां कामा नये, या निश्चयानें त्यांनीं १८ ऑक्टोबर १९०६ रोजीं मुंबईंत अस्पृश्यांसाठीं निराश्रित साह्यकारी मंडळी काढिली. तिचे अध्यक्ष समाजाचेच नारायण गणेश चंदावरकर होते. परंतु १९१० सालीं शिंद्यांनीं प्रचारकपद सोडलें आणि या कार्यालाच वाहून घेतलें.

सभासदांची संख्या मोजली, तर प्रार्थनासमाज लहानच राहिला. बव्हंशीं तो शहरांतील सुशिक्षितांचा होता; खेड्यांतील शेतकऱ्यांपर्यंत त्याचें प्रवचन पोंचलें नाहीं. तरीही त्याची थोरवी अशी, कीं परमहंस सभेनें दार लावून जें केलें, तें बोलण्याचें धैर्य त्यानें उघड्या दारीं दाखविलें. बोललेलें आचरणांत आणण्याचें काम मात्र एकेका माणसास आपापल्या घरींच करावें लागलें. धर्मसुधारणेची खरी परीक्षा मंदिराच्या सभामंडपांत होत नाहीं. ती घरांतल्या पंक्तीला आणि मुलीच्या लग्नाच्या बोलण्यांत होते.