नारायणगावची वाइन, तासगावचा बेदाणा

इस्लामपूरहून तासगावकडे निघाले की कृष्णा ओलांडेपर्यंत उसाची सोबत असते. पुढे ऊस विरळ होत जातो आणि द्राक्षांचे मांडव दिसू लागतात. साखर दोन्ही पिकांत आहे. उसाच्या मळीपासून आपल्याकडचे कारखाने मद्यार्क काढतात. मग द्राक्षांची वाइन मात्र इथे न रुजता पुणे जिल्ह्यातील नारायणगावी का रुजली?

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीमुळे शिक्षकांना नारायणगाव परिचित असेल. दुर्बिणीच्या आधी, १९८० च्या दशकात, उद्योजक शामराव चौगुले यांनी तेथे फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळ वाइन तयार करायला घेतली. इंडेज या नावाने हा उद्योग ओळखला जाई. परदेशी जाणाऱ्या वाइनचे नाव होते ‘ओमर खय्याम’. (घन समीकरणे भूमितीच्या साहाय्याने सोडवणारा गणिती तो हाच. वर्गात उल्लेख करायचाच तर या बाजूने करावा!)

यीस्ट साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बनवते. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून हिशेबाने ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू मिळतो. साध्या वाइनमध्ये हा वायू उडून जातो. फेसाळ वाइनसाठी तयार वाइन बाटलीत भरताना लिटरमागे सुमारे २४ ग्रॅम साखर व थोडे यीस्ट पुन्हा घालतात आणि बाटली बंद करतात. वायूला वाट नसल्याने तो वाइनमध्येच विरघळतो आणि आतील दाब वातावरणाच्या सहापट होतो. मोटारीच्या चाकात भरतात त्याच्या हा जवळजवळ तिप्पट, म्हणून बाटलीची काच जाड. शेवटी बाटली उलटी करून यीस्टचा गाळ तोंडाशी आणतात व तेवढा भाग गोठवून काढून टाकतात. विद्यार्थ्यांना वायू दाखवायचा असेल तर कोमट साखरपाणी, यीस्ट आणि बाटलीच्या तोंडावर फुगा पुरे. बूच मात्र लावू नये.

अवघड भाग द्राक्षाचा आहे. युरोपात थंडीमध्ये वेल पाने गाळून झोपते. आपल्याकडे ती झोप नाही, म्हणून एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी अशी दोनदा कात्री चालवावी लागते. फळ पिकते ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन चढत असताना. उष्णतेत फळातील मॅलिक आम्ल श्वसनात झपाट्याने खर्च होते, आणि फेसाळ वाइनला तर आंबटपणाच हवा! त्यामुळे तोडणी लवकर करावी लागते.

तासगाव भागातील बागाईतदारांची दृष्टी निराळी होती. थॉमसन सीडलेस जातीतून बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी निवडलेली ‘तास-ए-गणेश’ ही मोठ्या मण्यांची, बिनबियांची, खाण्याची द्राक्षे. लाल वाइनला रंग आणि तुरटपणा देतात त्या साली आणि बिया. ते इथे मिळायचे नाही. पण बेदाण्याला हीच जात उत्तम. पोटॅशियम कार्बोनेट आणि इथाइल ओलिएटच्या द्रावणात घड बुडवले की सालीवरच्या मेणाचा अडसर कमी होतो, पाणी लवकर निघून जाते आणि सावलीत सुमारे चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो.

माझ्या मते खरा फरक येथेच पडला. खाण्याच्या द्राक्षाला बाजारात भाव पडला तर बेदाण्याची दुसरी वाट असते. वाइनच्या द्राक्षाला गिऱ्हाईक एकच, वाइनचा कारखाना. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणले. नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि आपल्या पलूसला वाइन पार्क झाले, वाइनच्या जातींची लागवड वाढली. २००८ ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षीचा मुंबईवरील हल्ला यांनंतर मागणी कोसळली. ऑस्ट्रेलियातील वाइनरी विकत घेऊन मोठी झालेली इंडेज कर्जात अडकली आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. नाशिककडच्या शेतकऱ्यांपुढे तयार घड होते, पण ते बारीक मण्यांचे आणि बियांचे. मंडईत ते कोणी उचलेना, बेदाण्याच्याही कामाचे नव्हते. अनेकांनी त्या बागा मुळासकट उपटल्या आणि कित्येक जण पुन्हा खाण्याच्या द्राक्षांकडे वळले.