थट्टेतून उरलेला इतिहास

राजाज्ञा आणि तहनामे ह्यांत जसा इतिहास सापडतो, तसा तो थट्टेतही सापडतो. पॅरिसच्या उच्चभ्रू समाजाची जी जुनी व्यंगचित्रे संग्राहक आज जपतात, त्यांत ‘सेम’ ह्या चित्रकाराची चित्रे विशेष मोलाची होत.

सेमचे खरे नाव जॉर्ज गुर्सा. त्याचा जन्म १८६३ साली पेरिग्यो येथे झाला. घरची सुस्थिती असल्याने आरंभीचे चित्रसंच त्याने स्वखर्चाने काढले. १९०० साली तो पॅरिसला आला आणि शर्यतींच्या मैदानावर मिरवणाऱ्या बड्या मंडळींवर ‘ल तुर्फ’ हा संच काढून त्याने नाव मिळविले. कोणाचे पोट, कोणाचे नाक, कोणाची ऐटबाज चाल, काहीच त्याच्या नजरेतून सुटत नसे. आश्चर्य असे की, त्याने आपले चित्र काढावे ह्यातच लोक प्रतिष्ठा मानू लागले! १९१३ साली टँगो नृत्याच्या वेडावर आणि १९१४ साली पोशाखातील खोट्या दिमाखावर त्याने संच काढले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले व ते जग लयास गेले. पुढे सेमने आघाडीवरील सैनिकही रेखाटले. १९३४ साली तो वारला.

ही चित्रे शिळाछापाची. चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने रेखाटायचे, दगड ओला करायचा. मग शाई रेषेलाच धरते. १८९४ साली मुंबईस निघालेल्या रविवर्म्याच्या छापखान्यातून आपल्या देवघरांत आलेल्या लक्ष्मी-सरस्वतीही ह्याच विद्येच्या लेकी होत.

सेमचे संच म्हणजे वेष्टनात ठेवलेली सुटी पाने. विक्रेते ती वेगळी काढून चौकटीत बसवितात. परंतु पुष्कळ चित्रांवर नाव छापलेले नसते. त्या काळी चेहरा पाहताच माणूस ओळखू येई. ओळखणारे आज उरले नाहीत. सोबतची पाने गेली की चेहरा अनाथ होतो. पोथीचे पान सुटल्यावर अध्यायाचा संदर्भ हरवतो, तसेच हे. म्हणून संच फोडू नये, पाने उन्हापासून दूर ठेवावीत आणि ओळख पटलेली नावे वेगळ्या कागदावर टिपून ठेवावीत, असे आम्हांस वाटते.

श्रीमंतांनी पैसे मोजून काढविलेल्या तसबिरींत त्यांचे वैभव दिसते. त्यांची हौस आणि पोकळ डौल मात्र ह्या हसऱ्या कागदांनीच सांभाळून ठेवला आहे.